दाक्षिण्य आणि उपेक्षा : कालिदासाच्या नाटकांतील पूर्वनायिका

कालिदासाच्या तिन्ही नाटकांचा नायक राजा आहे, तो विवाहित आहे, आणि नाटकाचे कथानक त्याच्या नव्या प्रेमाचे आहे. साहजिकच प्रत्येक नाटकात एखादी तरी स्त्री अशी आढळते की जिच्यावर राजाचे प्रेम पूर्वी होते आणि आता उरलेले नाही. ‘मालविकाग्निमित्रा’तील इरावती, ‘विक्रमोर्वशीया’तील औशीनरी, आणि ‘अभिज्ञानशाकुंतला’तील हंसपदिका या अशा स्त्रिया होत. विवेचनाच्या सोयीसाठी त्यांना येथे ‘पूर्वनायिका’ असे म्हटले आहे. वर्गांतील अध्यापनात त्यांचा विचार बहुधा कथानकाच्या दृष्टीने होतो. नायक-नायिकांच्या मीलनातील अडथळा, विनोदाला एक निमित्त, किंवा अंतःपुराच्या चित्रातील एक रंग, एवढेच स्थान त्यांना मिळते. त्यांच्या वाट्याला आलेले दुःख नेमके कोणत्या जातीचे आहे, आणि कवीने ते कसे दाखविले आहे, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

हे दुःख उपेक्षेचे आहे. उपेक्षा हा अन्याय खरा. परंतु त्याला घटना नसते. वचन मोडणे, कठोर बोलणे, घराबाहेर काढणे ही कृत्ये आहेत. त्यांचा दिवस सांगता येतो, साक्षीदार देता येतो. उपेक्षा म्हणजे कृत्याचा अभाव. पूर्वी जे होत असे ते आता होत नाही, एवढेच तिचे स्वरूप. जिची उपेक्षा होते तिला तक्रार करावयाची झाली तर बोट ठेवण्यास जागा सापडत नाही. नाटक तर कृतीवर उभे असते. जे घडतच नाही ते रंगभूमीवर दाखवावयाचे कसे, ही नाटककारापुढची खरी अडचण होय. कालिदासाने ही अडचण तीन नाटकांत तीन प्रकारांनी सोडविली आहे, आणि प्रत्येक वेळी त्याने उपेक्षेला एकाच वस्तूच्या शेजारी उभे केले आहे. ती वस्तू म्हणजे राजाचे दाक्षिण्य, त्याची सभ्यता. उपेक्षा सभ्यतेचा वेष घेऊन येते, हे त्याचे या विषयावरील मुख्य निरीक्षण आहे, असे या तीन नाटकांच्या एकत्र वाचनातून दिसून येते.

१

प्रथम शास्त्राकडे पाहणे इष्ट होईल. भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकेच्या आठ अवस्था सांगितल्या आहेत : वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका व अभिसारिका. या यादीकडे बारकाईने पाहिले असता असे लक्षात येते की, यांतील प्रत्येक अवस्था नायकाच्या येण्याशी, न येण्याशी किंवा लवकरच येण्याच्या आशेशी जोडलेली आहे. खंडितेजवळ रागाला पुरावा असतो, तो म्हणजे नायकाच्या अंगावरील परस्त्रीच्या खुणा. विप्रलब्धेजवळही पुरावा असतो. ठरलेल्या ठिकाणी तो आलेला नसतो. विरहोत्कंठिता वाट पाहते, कारण तो येईल असे तिला वाटते. परंतु जिला कोणी टाकलेले नाही, जिचा महाल व मान कायम आहे, आणि तरीही जिच्याकडे मनाने कोणी येणार नाही, अशा स्त्रीसाठी या आठांत स्वतंत्र नाव नाही.

‘उपेक्षा’ हा शब्द शास्त्राला अपरिचित आहे असे मात्र नाही. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त रुसलेल्या नायिकेचा मान घालविण्याचे सहा उपाय दिले आहेत. गोड बोलणे म्हणजे साम. तिच्या सखीला आपल्या बाजूस वळविणे म्हणजे भेद. अलंकारादिक देणे म्हणजे दान. पाया पडणे म्हणजे नति. हे उपाय थकल्यावर दुर्लक्ष करणे म्हणजे उपेक्षा. आणि भय, हर्ष इत्यादी एकाएकी उत्पन्न करून राग विसरावयास लावणे म्हणजे रसांतर. म्हणजे येथे उपेक्षा स्त्रीच्या दुःखाचे कारण म्हणून येत नाही. स्त्रीच्या रागावरील उपाय म्हणून येते. हा ग्रंथ कालिदासानंतरचा आहे, तेव्हा कालिदासाने त्याचे नियम पाळले असे म्हणण्याचा प्रश्नच नाही. तथापि ज्या परंपरेतून हे वर्गीकरण निर्माण झाले तिची दृष्टी कोणत्या बाजूस उभी राहून पाहत होती, हे त्यावरून कळते.

याच परंपरेत नायकाचे अनुकूल, दक्षिण, शठ व धृष्ट असे चार भेद मानले आहेत. नवी प्रिया लाभल्यावरही पहिलीशी सहृदयतेने वागतो तो दक्षिण. ‘दाक्षिण्य’ या शब्दाचा एक जुना व उदार अर्थ भासाच्या नावावर असलेल्या आणि १९१२ साली त्रिवेंद्रम येथे गणपतिशास्त्र्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘स्वप्नवासवदत्त’ नाटकात पाहावयास मिळतो. चौथ्या अंकात उदयन विदूषकाजवळ कबूल करतो की, पद्मावतीविषयी आपल्याला आदर असला तरी मन वासवदत्तेपाशीच गुंतले आहे. हे बोलणे आडून ऐकणारी दासी राजाला दाक्षिण्यहीन म्हणते, तेव्हा पद्मावती तिला थांबविते. गेलेल्या वासवदत्तेचे गुण तो अजूनही आठवतो, यातच त्याचे दाक्षिण्य आहे, असे तिचे म्हणणे. येथे दाक्षिण्य म्हणजे स्मरण. कालिदासाने भासाचा उल्लेख ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत आदराने केला आहे, परंतु त्याच्या नाटकांत याच शब्दाला जे वळण मिळाले ते निराळे आहे. तेथे स्मरण सरल्यानंतर मागे राहणारा शिष्टाचार, एवढाच दाक्षिण्याचा अर्थ पुष्कळदा उरतो.

२

‘मालविकाग्निमित्र’ हे प्रकृतीने विनोदी नाटक आहे, आणि इरावतीचे पात्र प्रथमदर्शनी विनोदासाठीच योजलेले दिसते. तिसऱ्या अंकात ती मद्याच्या अंमलात, अडखळत्या पावलांनी प्रमदवनात प्रवेश करते. राजाबरोबर झोपाळ्यावर बसण्याचा बेत तिनेच कळविलेला असतो. या बेताची आठवण होताच राजा विदूषकाला जे सांगतो ते महत्त्वाचे आहे. स्त्रिया स्वभावतःच चतुर असतात. आपण लाड केले तरी आपले मन दुसरीकडे गेले आहे हे तिच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. तेव्हा एखादे निमित्त काढून न जाणेच बरे. कारण पूर्वीपेक्षा अधिक आदराने केलेला परंतु भावशून्य उपचार मानी स्त्रीला सहन होत नाही. यावर विदूषक त्याला बजावतो की, अंतःपुराविषयीचे दाक्षिण्य असे एकदम पाठीमागे टाकता येणार नाही. आणि राजा निघतो.

या छोट्या संवादात संपूर्ण समस्या मांडलेली आहे. राजा अज्ञानी नाही. आपला उपचार रिकामा आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तो समोरच्या व्यक्तीस कळेल हेही ठाऊक आहे. तरीही तो उपचारच चालू ठेवतो. पुढे अशोकाच्या दोहदाच्या प्रसंगी त्याला मालविकेजवळ पाहून इरावती संतापते, आपली मेखला त्याच्यावर उगारते. तो पायांवर लोटांगण घालतो. ती ते धुडकावून निघून जाते. या अंकाच्या शेवटी राजाच्या तोंडी जे उद्गार आहेत त्यांत ‘उपेक्षा’ या धातूचेच रूप योजलेले आहे. तिने लोटांगण धुडकावले ही आपली सेवाच झाली, कारण ती रागावली असल्यामुळे आता तिची उपेक्षा करता येईल, असा त्याचा हिशेब आहे. शास्त्राने पुढे जो उपाय म्हणून नोंदविला त्याचा अंतःस्थ हेतू कालिदासाने येथे उघड करून ठेवला आहे. तिच्या रागाने त्याला अपराधी ठरविण्याऐवजी मोकळे केले.

चौथ्या अंकात इरावती समुद्रगृहात येते ती राजाला भेटण्यासाठी नव्हे. तेथील भिंतीवर राजाचे चित्र आहे, आणि त्या चित्राची क्षमा मागावी असा तिचा विचार आहे. प्रत्यक्ष महाराजांचीच समजूत का घालीत नाही, असे दासी निपुणिका विचारते. ज्याचे मन दुसरीकडे गेले आहे तो स्वामी आणि चित्रातला स्वामी यांत भेद तो कोणता, असे तिचे उत्तर आहे. आपण केला तो केवळ शिष्टाचाराचा भंग, आणि तेवढाच पुसून टाकावयाचा आहे, असेही ती म्हणते. विनोदी नाटकातील मद्यपी राणीच्या तोंडी हे वाक्य घालून कवीने उपेक्षेची जी व्याख्या केली आहे ती कोणत्याही शास्त्रग्रंथात नाही. चित्र समोर असते, डोळे उघडे असतात, मुखावर प्रसन्नता असते. फक्त ते उत्तर देत नाही.

याच चित्राचा दुसरा उपयोग कवीने त्याच अंकात केला आहे. थोड्याच वेळापूर्वी मालविकेने तेच चित्र पाहिलेले असते. त्यात राजा इतर राण्यांना सोडून एकीच्याच मुखाकडे टक लावून पाहत आहे, आणि ती इरावती आहे असे कळताच मालविकेला मत्सर वाटतो. राजा तिला दाक्षिण्यहीन वाटतो. म्हणजे चित्र काढले गेले तेव्हा इरावती ही नायिका होती. एका स्त्रीला ते चित्र पाहून भविष्याची शंका येते आणि दुसरीला तेच चित्र भूतकाळासारखे निरुत्तर वाटते. मालविकेच्या शंकेला राजा जे उत्तर देतो तेही या दृष्टीने वाचले पाहिजे. दाक्षिण्य हे आपल्या घराण्याचे व्रत आहे, परंतु आपले प्राण मात्र तुझ्या आशेवर आहेत, असे तो सांगतो. व्रत एकीकडे, प्राण दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. इरावतीच्या वाट्याला व्रत आले आहे.

नाटकाच्या शेवटी इरावती रंगभूमीवर नाही. आपण त्या वेळी शिष्टाचार ओलांडला याबद्दल ती निपुणिकेकरवी क्षमा मागते आणि आता प्रसाद व्हावा अशी विनंती करते. त्या निरोपाचे उत्तर धारिणी देते. राजा इरावतीसाठी एक शब्दही बोलत नाही. सर्वांना सुखी करणाऱ्या या शेवटात ही एक जागा रिकामी राहिली आहे.

३

‘विक्रमोर्वशीया’तील औशीनरी ही काशिराजाची कन्या. तिच्यात इरावतीचा आवेग नाही. दुसऱ्या अंकात उर्वशीचे भूर्जपत्र तिच्या हाती लागते, पुरूरवा पाया पडतो, आणि ती त्याला तसाच सोडून जाते. ती गेल्यावर राजा म्हणतो की, प्रेमरस नसेल तर शेकडो गोड शब्दांनी केलेली विनवणीदेखील स्त्रीच्या हृदयात शिरत नाही. कृत्रिम रंग दिलेले रत्न जसे पारख्याला फसवीत नाही तसेच हे आहे. अग्निमित्राला जी जाणीव होती तीच पुरूरव्याला आहे. दोन वेगळ्या नाटकांत, दोन भिन्न प्रकृतींच्या राजांच्या तोंडी हा एकच विचार यावा, यावरून तो कवीच्या मनात किती खोलवर होता हे दिसते.

तिसऱ्या अंकात औशीनरी प्रियानुप्रसादन नावाचे व्रत करते. चंद्रोदय झालेला आहे, राजवाड्याच्या गच्चीवर ती चंद्राची पूजा मांडते, राजाची पूजा करते, आणि रोहिणी व चंद्र या दैवी जोडप्याला साक्षी ठेवून सांगते की, ज्या स्त्रीची स्वामींना अभिलाषा असेल आणि जी स्वामींच्या समागमाची इच्छा करील तिच्याशी आपण यापुढे स्नेहाने राहू. या प्रसंगाची पतिव्रतेचा आदर्श म्हणून स्तुती करण्याची रीत आहे. तथापि कवीने त्या स्तुतीला लागलीच एक छेद दिलेला आहे. हातातून मासा निसटल्यावर आपल्याला पुण्य लाभेल असे म्हणणाऱ्या कोळ्याची उपमा विदूषक स्वतःशीच देतो. उपमा क्रूर आहे, पण तिने व्रताचे खरे स्वरूप उघडे पडते. जे आपल्या हाती उरलेच नाही त्याचा त्याग म्हणजे हे व्रत आहे. महाराज इतके का प्रिय आहेत, असे विदूषक विचारतो, तेव्हा औशीनरी म्हणते की, स्वतःच्या सुखाचा शेवट करून त्यांना स्वस्थ करू पाहते, यावरून प्रिय की अप्रिय ते ठरवावे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. औशीनरीच्या या बोलण्याला श्रोते अनेक आहेत. राजा आहे, विदूषक आहे, आणि अदृश्य रूपाने उर्वशी व चित्रलेखाही तेथेच आहेत. प्रत्येकाला त्यातून आपल्या उपयोगाचे तेवढे ऐकू येते. राजाला परवानगी ऐकू येते, उर्वशीला निर्धास्तपणा मिळतो, विदूषकाला विनोद सुचतो. बोलणारीचे दुःख ऐकणारा कोणीच नाही. तिसऱ्या अंकानंतर औशीनरी रंगभूमीवर पुन्हा येत नाही. पाचव्या अंकात उर्वशीचा पुत्र आयु याने ज्येष्ठ मातेला वंदन करावे एवढाच तिचा उल्लेख राहतो. इरावतीने शिष्टाचार मोडून उपेक्षा दाखवून दिली. औशीनरीने शिष्टाचार परिपूर्ण पाळून ती दाखविली. दोघींच्या दैवात फरक पडला नाही.

४

‘अभिज्ञानशाकुंतला’त पूर्वनायिका रंगभूमीवर येतच नाही. पाचव्या अंकाच्या आरंभी संगीतशाळेतून फक्त तिचा आवाज येतो. मराठी रसिकांचे लक्ष या जागेकडे सहसा जात नाही याला एक कारण परंपरेचे आहे. चौथा अंक हा नाटकाचा कळस, असे मानण्याची जुनी रीत आहे. आणि किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा १८८० साली पुण्यात पहिला प्रयोग झाला तोदेखील पहिल्या चार अंकांचाच. त्यामुळे शकुंतलेच्या निरोपाने भारावलेले मन पुढे एकदम तिच्या अव्हेराकडे धाव घेते, आणि या दोहोंच्या मध्ये ऐकू येणारे एक लहानसे गाणे मागे राहते.

गाण्याचा आशय साधा आहे. नव्या मधाच्या लोभाने आम्रमंजरीचे चुंबन घेणारा भुंगा कमळात वस्ती मिळताच तिला कसा विसरला, असे त्यात विचारलेले आहे. गाणारी हंसपदिका आहे. दुष्यंताची प्रतिक्रिया कवीने अगदी क्रमाने दिली आहे, आणि हा क्रमच अभ्यासण्यासारखा आहे. सर्वप्रथम तो गाण्याची वाहवा करतो. गीत रागाने ओथंबले आहे असे म्हणतो. दुसऱ्यांदा, विदूषकाने अर्थ विचारल्यावर तो स्मित करून खुलासा करतो की, हिच्यावर आपण एकदाच प्रेम केले, आणि आता देवी वसुमतीवरून हा टोमणा आहे. तिसऱ्यांदा तो विदूषकालाच तिच्याकडे पाठवितो. छान कानउघाडणी केलीस असे तिला नागरी पद्धतीने कळव, असे सांगतो. आणि चौथ्यांदा, विदूषक गेल्यावर तो स्वतःच अकारण उदास होतो. सुखात असलेला जीवही रम्य वस्तू पाहून व मधुर शब्द ऐकून कासावीस होतो तो जन्मांतरीच्या स्नेहाच्या नकळत होणाऱ्या आठवणीने, असे त्याला वाटते.

रसिकता, खुलासा, प्रतिनिधी आणि स्वतःचे दुःख, अशा या चार पायऱ्या आहेत. यांत वाईट असे एकही कृत्य नाही. दुष्यंत रागावला नाही, गाणे थांबवा म्हणाला नाही, आरोपही नाकारला नाही. उलट तो मोकळेपणाने मान्य केला. परंतु चारही पायऱ्यांवर हंसपदिका गैरहजर आहे. पहिलीवर ती कलावती आहे, दुसरीवर एक किस्सा, तिसरीवर दुसऱ्याने उरकावयाचे काम, आणि चौथीवर तर ती नाहीशीच झाली आहे. तिचे गाणे आता ऐकणाऱ्याच्या दुःखाचे साधन बनले आहे. ज्या तक्रारीचा विषयच ‘तू येत नाहीस’ हा आहे, तिच्या उत्तरादाखल दुसऱ्या माणसाला पाठविले जाते. परिमार्जनातच अपराधाची पुनरावृत्ती झाली आहे. माढव्याने हंसपदिकेची समजूत कशी घातली, हे नाटकात पुढे सांगितलेले नाही.

या प्रसंगाचे स्पष्टीकरण रचनेच्या गरजेवरूनही देतात. शकुंतला दरबारात येईल तेव्हा विदूषक तेथे असता कामा नये, कारण तिच्याविषयी राजाकडून थोडेफार ऐकलेला तोच एक आहे. सहाव्या अंकात राजा स्वतःच म्हणतो की, अव्हेराच्या वेळी तू जवळ नव्हतास. हे स्पष्टीकरण बरोबर आहे, परंतु अपुरे आहे. विदूषकाला दूर पाठविण्यास कोणतेही काम पुरले असते. कवीने निवडलेले काम म्हणजे एका विसरलेल्या स्त्रीची समजूत घालणे. आणि त्या कामामुळेच दुसऱ्या विसरलेल्या स्त्रीचा शेवटचा साक्षीदार दूर होतो. एका उपेक्षेची सोय लावताना दुसरी घडते, हा दुवा योगायोगाचा मानणे कठीण आहे.

५

हंसपदिकेच्या गीतात राजाच्या चंचलतेचे सूचन आहे, हे रवींद्रनाथ ठाकुरांनी शकुंतलेवरील आपल्या निबंधात दाखविले आहे. तो ‘प्राचीन साहित्य’ या १९०७ च्या संग्रहात आहे. दुर्वासाच्या शापाने जे घडविले त्याचे बीज स्वभावातच होते, असा त्यांचा अभिप्राय आहे. या अभिप्रायाला मूळ कथेच्या तुलनेने आणखी बळकटी येते. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंताला सारे आठवत असते; लोकापवादाच्या भीतीने तो जाणूनबुजून शकुंतलेला नाकारतो. शाप आणि अंगठी ही त्या कथेत नाहीत. कालिदासाने ती आणून नायकाला दोषमुक्त केले, असे सर्वत्र सांगितले जाते. पण हंसपदिकाही त्या कथेत नाही. ज्या हाताने कवीने शापग्रस्त विस्मरण निर्माण केले त्याच हाताने त्याने, नेमके त्याच्या आधी, शापावाचून झालेले विस्मरण ठेवून दिले. शकुंतलेला विसरण्यास दुर्वास लागला. हंसपदिकेला विसरण्यास कोणीच लागले नाही.

याचा अर्थ शाप हे निव्वळ निमित्त आहे असा करणे मात्र एकांगी होईल. शापाच्या मुळाशीही एक दुर्लक्षच आहे. चौथ्या अंकात दुर्वास दारी येतो तेव्हा शकुंतला दुष्यंताच्या विचारात इतकी बुडालेली असते की तिला त्याची हाक ऐकूच जात नाही. तिच्या मनात अनादर नाही. मन दुसरीकडे आहे, एवढेच. सातव्या अंकात शापाचा उलगडा झाल्यावर ती स्वतःशी म्हणते की, विरहाने शून्य झालेल्या हृदयाला तो शाप कळलाच नसेल. म्हणजे उपेक्षा करणारा नेहमी दुष्टच असतो असे कवी मानीत नाही. एका ठिकाणी पूर्ण गुंतलेले मन दुसऱ्या ठिकाणी आपोआप अनुपस्थित होते. प्रेमाची एकाग्रता आणि उपेक्षा या एकाच वस्तूच्या दोन बाजू असू शकतात. फरक पडतो तो पुढे. शकुंतलेच्या नकळत झालेल्या दुर्लक्षाला प्रचंड शिक्षा मिळते; दुष्यंताच्या जाणत्या दुर्लक्षाला नागरी निरोप पुरतो.

हा विषम न्याय त्या काळच्या समाजाचा होता, आणि आजची अपेक्षा त्या काळावर लादू नये, असा आक्षेप येथे घेता येईल. बहुपत्नीकत्व ही राजकुलातील मान्य रीत होती हे खरेच आहे. परंतु ही रीत नाटकातील पात्रांना निर्विवाद वाटत होती असे नाटकच सांगत नाही. तिसऱ्या अंकात अनसूया राजाला भीत भीत सांगते की, राजांच्या अनेक प्रिया असतात असे ऐकिवात आहे, तेव्हा आमच्या सखीसाठी आप्तांना शोक करावा लागू नये असे वागा. त्यावर राजा समुद्रवलयांकित पृथ्वी आणि ही तुमची सखी या दोनच आपल्या कुलाचा आधार आहेत, असे आश्वासन देतो. चौथ्या अंकात कण्व मुलीला उपदेश करतात तो सवतींशी सखीप्रमाणे वागण्याचा, आणि पतीने अवमान केला तरी रागाने उलट न जाण्याचा. अनसूयेची भीती आणि कण्वांचा उपदेश यांच्यामागे एकच माहिती आहे. आश्रमातल्या मुलींना आणि वृद्ध ऋषींना जे अगोदर ठाऊक होते ते पाचव्या अंकातील गीताने खरे ठरते. तेव्हा येथे कसोटी आजची नसून नाटकाच्या अंतर्गतच आहे.

सहाव्या अंकात चक्र पूर्ण फिरते. शकुंतलेच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या राजाचे वर्णन कंचुकी करतो, त्यात एक तपशील असा आहे की, अंतःपुरातील स्त्रियांशी तो दाक्षिण्याने उचित तेच बोलतो, पण नावात चुकतो, आणि मग बराच वेळ लाजून राहतो. दाक्षिण्य म्हणजे काय हे यापेक्षा कमी शब्दांत सांगता आले नसते. शब्द बरोबर आहेत, फक्त नाव दुसरीचे आहे. ज्या वसुमतीमुळे हंसपदिका विसरली गेली तीच वसुमती आता त्या जागी उभी आहे. ती येत आहे असे कळताच शकुंतलेचे चित्र लपविण्याची धांदल उडते. मन दुसरीकडे गेले तरी राजा पहिलीचा मान राखतो, आता मात्र त्याचा तिच्यावरील स्नेह शिथिल झाला आहे, असे अदृश्यपणे पाहणारी सानुमती म्हणते. ती शकुंतलेची हितचिंतक आहे. तिच्या दृष्टीने ही गोष्ट समाधानाची आहे. एकीचे समाधान दुसरीच्या उपेक्षेवर उभे असते, हे येथे कोणीही बोलून दाखवीत नाही. कवीने फक्त दोन्ही स्त्रियांना आळीपाळीने त्याच जागी उभे केले आहे.

सातव्या अंकातील पुनर्मीलनाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे शकुंतलेचे एक लहान वाक्य वेगळ्या वजनाने ऐकू येते. राजा अंगठी तिच्या बोटात पुन्हा घालू पाहतो, तेव्हा ती म्हणते की, हिच्यावर आपला विश्वास नाही; ती स्वामींनीच घालावी. दुष्यंताचा पश्चात्ताप खरा आहे. मारीच ऋषींनी शापाचा उलगडाही अजून केलेला नाही. तरी शकुंतलेला एवढे निश्चित कळले आहे की, खुणेच्या आधारावर टिकणारे स्मरण पुरेसे नसते. खूण हरवली की माणूस हरवतो, हे तिने अनुभवले आहे. हंसपदिकेजवळ तर खूणही नव्हती; गाण्यापलीकडे तिच्याजवळ काहीच नव्हते.

६

कालिदासाने राजकुलाच्या रीतीचा निषेध केला, असा निष्कर्ष यातून काढणे अतिव्याप्त होईल. तिन्ही नाटके व्यवस्थेला मान्य असा शेवट करतात. राजाला वंश मिळतो, राण्या क्षमा मागतात किंवा क्षमा करतात. त्याने निषेध केला नाही. त्याने नोंद केली. आणि ही नोंद नाटकागणिक अधिक संयत व अधिक भेदक होत गेली आहे. इरावती भांडते, औशीनरी व्रत करते, हंसपदिका पडद्याआड गाते. पूर्वनायिका रंगभूमीवरून जसजशी मागे सरते तसतसा तिचा परिणाम वाढत जातो. उपेक्षेला घटना नसते या अडचणीवर कवीने अखेरीस शोधलेला उपाय हाच आहे की, उपेक्षिलेल्या व्यक्तीला प्रेक्षकांच्याही दृष्टीआड ठेवावे. प्रेक्षकही गाण्याची वाहवा करतो, अर्थ समजून घेतो, आणि पुढे येणाऱ्या शकुंतलेकडे वळतो. दुष्यंताच्या हातून जे घडले तेच थोड्या प्रमाणात प्रेक्षकाच्या हातूनही घडते.

म्हणून या नाटकांचे अध्ययन करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिली अशी की, ‘दक्षिण नायक’ ही संज्ञा गुणवाचक म्हणून जशीच्या तशी स्वीकारू नये. प्रत्येक ठिकाणी ते दाक्षिण्य स्मरणातून आले आहे की स्मरणाच्या जागी आले आहे, हे तपासावे. भासाची पद्मावती पहिल्या प्रकाराला दाक्षिण्य म्हणते. कालिदासाचा कंचुकी दुसऱ्या प्रकाराचे वर्णन करतो. दुसरी अशी की, प्रेमाचा अभाव दाखविणारा पुरावा क्रौर्याच्या प्रसंगांत शोधण्याची सवय समीक्षेला लागलेली आहे. या नाटकांत तो पुरावा सौजन्याच्या प्रसंगांत सापडतो. लोटांगणात, गोड शब्दांत आणि विदूषकाकरवी धाडलेल्या निरोपात तो आहे. पाचव्या अंकाची सुरुवात शिकविताना निदान एवढे विचारले जावे की, गाणे संपल्यावर संगीतशाळेत काय झाले असेल. नाटकाने ते सांगितलेले नाही. पण तो प्रश्न पडावा इतपत जागा त्याने राखून ठेवली आहे.